बोंडअळीच्या फोटोतली खरखर

यवतमाळ जिल्ह्यातील आर्णी हा कापसाचा तालुका. अरुणावती नदीच्या काठच्या या गावात आणि आसपासच्या खेड्यांत गुलाबी बोंडअळी हे नाव शाळकरी मुलांनाही नवीन नाही. आता कॅमेरा असलेला मोबाइल फोन बहुतेक घरांत पोचला आहे. त्यामुळे डोमकळीचा, बोंडातल्या अळीचा किंवा कामगंध सापळ्यात अडकलेल्या पतंगाचा जवळून फोटो काढणे हा विज्ञानाचा एक छान उपक्रम होऊ शकतो. पण असा फोटो पडद्यावर मोठा करून पाहिला, की एक अडचण दिसते. पानाचा जो भाग एकसारखा हिरवा असायला हवा, त्यावर बारीक रांगोळी भुरभुरल्यासारखे तांबडे, निळे, काळे ठिपके दिसतात. कडा रवाळ होतात. पतंगाच्या पंखावरची खूण कोणती आणि फोटोतला ठिपका कोणता, हे सांगता येईनासे होते.

छायाचित्रकार याला ‘नॉइज’ म्हणतात. दूरचे केंद्र लावल्यावर रेडिओवर जी खरखर ऐकू येते, तिचाच हा डोळ्यांना दिसणारा प्रकार. म्हणून या लेखात आपण तिला ‘खरखर’च म्हणू. ही खरखर कोठून येते, ती अगदी जवळून काढलेल्या फोटोत जास्त का असते आणि ती कमी कशी करायची, हे पाहू या.

ठिपक्याला एवढे महत्त्व कशासाठी?

गुलाबी बोंडअळीचे अंडे जेमतेम अर्धा मिलिमीटर लांबीचे असते. अंड्यातून निघालेली अळी सुरुवातीला पांढरट असते, तिचे डोके तेवढे गडद असते. गुलाबी रंग नंतरच्या अवस्थांत येतो. पतंग सुमारे एक सेंटिमीटरचा, राखाडी-तपकिरी, पुढच्या पंखांवर काळपट डाग असलेला. कापसावरच्या ठिपक्यांच्या बोंडअळीचा पतंग वेगळा, त्याच्या पंखांवर हिरवा रंग असतो. म्हणजे ओळख पटवायची ती रंगाच्या हलक्या छटेवरून आणि मिलिमीटरहून लहान खुणांवरून. फोटोतली खरखर नेमकी याच दोन गोष्टी बिघडवते.

ही ओळख केवळ हौसेची नाही. ओळख चुकली तर फवारणी चुकते, आणि चुकीच्या फवारणीची किंमत या जिल्ह्याने मोजलेली आहे. 2017 च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्याच हंगामात गुलाबी बोंडअळीनेही राज्यात मोठे नुकसान केले. त्या विषबाधेची कारणे अनेक होती. परंतु कीड कोणती आणि ती किती आहे हे आधी नीट पाहावे, मगच औषधाला हात लावावा, हा धडा त्यातून निश्चित मिळतो. नीट पाहण्याचे एक साधन म्हणून आपण फोटोकडे पाहत आहोत.

प्रकाश दाण्यादाण्याने येतो

कॅमेऱ्यात भिंगाच्या मागे सिलिकॉनची एक चकती असते. तिच्यावर लाखो, हल्ली कोट्यवधी, सूक्ष्म चौकटी असतात. प्रत्येक चौकट म्हणजे पावसात अंगणात मांडून ठेवलेली एक वाटी आहे असे समजा. वाटीत पाणी साठते, तसा चौकटीत प्रकाश साठतो. ज्या वाटीत जास्त साठले, तो ठिपका फोटोत उजळ.

आता ही उपमा थोडी पुढे नेऊ. प्रकाश अखंड धारेसारखा येत नाही, तो थेंबाथेंबाने येतो. 1905 मध्ये आइन्स्टाइन यांनी मांडलेल्या कल्पनेनुसार प्रकाशाची ऊर्जा सुट्या पुंजांत येते. या पुंजांना आपण फोटॉन म्हणतो. सिलिकॉनवर पडलेला फोटॉन एक इलेक्ट्रॉन मोकळा करू शकतो, आणि कॅमेरा मोजतो ते हे मोकळे झालेले इलेक्ट्रॉन. थोडक्यात, कॅमेरा म्हणजे मोजदाद करणारे यंत्र आहे.

रिमझिम पावसात शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन वाट्यांत मिनिटभरात अगदी सारखेच थेंब पडतील का? नाही. एकीत 9 पडतील, दुसरीत 12. पाऊस मात्र दोघींवर सारखाच होता. फोटॉनांचेही असेच असते. एकसारख्या उजळ पानावरून येणारा प्रकाश शेजारच्या चौकटींत थोडा कमी-जास्त पडतो, आणि तो कमी-जास्तपणा आपल्याला ठिपक्यांच्या रूपात दिसतो.

हा कमी-जास्तपणा किती असेल, याचा नियम सोपा आहे. सरासरीने जितके कण येतात, त्या संख्येचे वर्गमूळ म्हणजे साधारण चढउतार. सरासरी 100 फोटॉन मोजले गेले तर चढउतार 10 चा, म्हणजे 10 टक्के. सरासरी 10,000 असेल तर चढउतार 100 चा, म्हणजे फक्त 1 टक्का. येथे एक गंमत लक्षात घ्यावी. प्रकाश वाढला तसा चढउतार 10 वरून 100 वर गेला, म्हणजे वाढलाच. परंतु प्रकाशाच्या मानाने तो दहा पटींनी कमी झाला. डोळ्याला खुपते ते हे प्रमाण. म्हणून उन्हातला फोटो स्वच्छ दिसतो आणि सावलीतला रवाळ.

हा विचार कॅमेऱ्याच्या आधीचा आहे. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ वॉल्टर शॉट्की यांनी 1918 मध्ये निर्वात नळ्यांतील विद्युतप्रवाहाच्या बाबतीत तो मांडला. प्रवाह सुट्या इलेक्ट्रॉनांचा बनलेला असल्याने त्यात अशी खरखर राहणारच, हे त्यांनी दाखवले. तिला त्यांनी बंदुकीच्या छऱ्यांवरून नाव दिले.

करून पाहा

लागणारे साहित्य: प्रत्येक गटाला एक पुठ्ठा, तुरीचे 100 दाणे आणि 1 ते 5 अंक लिहिलेल्या पाच चिठ्ठ्या.

पुठ्ठ्यावर पाच ओळी व पाच रकाने आखून 25 घरे करा. चिठ्ठी उचलून ओळ ठरवा, चिठ्ठी परत टाका, पुन्हा उचलून रकाना ठरवा. ज्या घराचा क्रमांक येईल त्यात एक दाणा ठेवा. असे 100 वेळा करा. मात्र मधल्या ओळीतील मधली तीन घरे ही आपली ‘अळी’ आहे. अळी पानापेक्षा गडद, म्हणजे तिच्याकडून निम्मा प्रकाश येतो. म्हणून या तीन घरांपैकी एखादे आले, तर नाणे उडवा. छापा पडला तरच दाणा ठेवा, काटा पडला तर तो दाणा बाजूला टाका.

शेवटी प्रत्येक घरातले दाणे मोजा. पानाच्या घरांत सरासरी 4 दाणे असायला हवेत, अळीच्या घरांत 2. पण पानाच्या घरांतही कोठे 2, कोठे 7 असे आकडे येतील, एखादे घर रिकामेही राहील. एका गटाचा पुठ्ठा पाहून अळी कोठे आहे हे बाहेरच्या मुलाला ओळखता येईल का, हे विचारून पाहा.

आता चार गटांच्या पुठ्ठ्यांवरील आकडे घरागणिक बेरीज करून फळ्यावर मांडा. पानाच्या घरांची सरासरी 16 होईल आणि चढउतार साधारण 4 चा, अळीच्या घरांची सरासरी 8. अळी बरीच स्पष्ट होईल. दोन-तीन वर्गांनी मिळून 16 पुठ्ठे जमवले, तर सरासरी 64 आणि 32 होतील, चढउतार केवळ 8 च्या आसपास. आता अळी लपणार नाही. कोणत्याही गटाने चूक केलेली नव्हती, कोणाचाही पुठ्ठा सदोष नव्हता. कमी होते ते फक्त दाणे.

जवळ गेल्यावर प्रकाश का कमी पडतो?

वस्तूची प्रतिमा चकतीवर जवळजवळ वस्तूएवढीच मोठी पडेल इतक्या जवळून फोटो काढणे, याला मॅक्रो छायाचित्रण म्हणतात. येथे प्रकाशाचा दुष्काळ चार बाजूंनी येतो.

पहिली बाजू भिंगाची. जवळची वस्तू स्पष्ट दिसावी म्हणून भिंग चकतीपासून दूर सरकवावे लागते. प्रतिमा वस्तूएवढी मोठी हवी असेल, तर साध्या भिंगाचे चकतीपासूनचे अंतर दुप्पट होते आणि चकतीवर पडणारा प्रकाश चौथाईवर येतो. सिनेमाचा पडदा यंत्रापासून दुप्पट दूर नेला की चित्र मोठे पण अंधूक होते, तसेच हे.

दुसरी बाजू खोलीची. 35 मिलिमीटर फिल्मच्या मापाची चकती असलेल्या कॅमेऱ्यात, वस्तूएवढी प्रतिमा घेताना, एफ/8 या छिद्राला जेमतेम एक मिलिमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो. पतंगाचा डोळा स्पष्ट आला तर पंख धूसर. खोली वाढवण्यासाठी छिद्र एफ/16 पर्यंत लहान केले, की खोली सुमारे दुप्पट होते, पण प्रकाश पुन्हा चौथाईवर येतो. छिद्र त्याहून लहान करत गेलो, तर प्रकाशाच्या विवर्तनामुळे सगळीच प्रतिमा मऊ पडते. मोबाइलचे भिंग चिमुकले असल्याने त्यात खोली बरी मिळते, परंतु त्याच चिमुकलेपणामुळे प्रकाशही थोडाच आत शिरतो. शिवाय त्याच्या चौकटी इतक्या बारीक असतात, की एकेकीत काही हजार इलेक्ट्रॉनच मावतात.

तिसरी बाजू वेळेची. प्रकाश कमी असेल तर कॅमेऱ्याची झडप जास्त वेळ उघडी ठेवता येते. पण कापसाचे झाड वाऱ्याने डुलते. बोंड सेकंदाला फक्त 1 सेंटिमीटर सरकत असेल, तरी 1/100 सेकंदात ते 0.1 मिलिमीटर सरकते. अर्ध्या मिलिमीटरच्या अंड्याचा हा पाचवा भाग झाला. म्हणजे अंड्याची कड फासली गेलीच. 1/1000 सेकंद ठेवले तर हालचाल गोठते, पण प्रकाश दसपट कमी होतो.

चौथी बाजू जागेची आणि ऋतूची. कपाशीला फुले-पात्या लागतात ते दिवस ढगाळ. दाट झाडाच्या आत सावली. त्यातच फोन जवळ नेला की फोनची आणि आपल्या डोक्याची सावली नेमकी त्याच बोंडावर पडते.

आयएसओ वाढवून काय होते?

कॅमेऱ्यात ‘आयएसओ’ नावाचा एक आकडा असतो. तो वाढवला की फोटो उजळ येतो आणि खरखरही ठळक होते. त्यामुळे खरखर आयएसओमुळे येते, असा समज रूढ आहे. तो बरोबर नाही. आयएसओ वाढवला म्हणून चकतीवर एकही फोटॉन जास्त येत नाही. जे मोजले, तेच मोठे करून दाखवले जाते. रेडिओवरचे केंद्र क्षीण असेल आणि आपण आवाज वाढवला, तर गाणे मोठे होते तशी खरखरही मोठी होते. दोष आवाजाच्या बटणाचा नसतो.

यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते. आयएसओ कमी ठेवून काळपट फोटो काढायचा आणि नंतर तो संगणकावर उजळवायचा, यात काहीच फायदा नाही. बहुधा तोटाच होतो, कारण इलेक्ट्रॉन मोजणाऱ्या मंडलाची स्वतःचीही थोडी खरखर असते आणि काळपट भाग उजळवताना तीही वर येते. चकती तापली की उष्णतेनेही काही इलेक्ट्रॉन सुटतात. तापमान 6 ते 8 अंशांनी वाढले की यांची संख्या साधारण दुप्पट होते. म्हणूनच मोठ्या दुर्बिणींवरील कॅमेरे शून्याखाली शंभरेक अंशांपर्यंत थंड ठेवतात. आपल्या क्षणभराच्या फोटोत मात्र हा हिस्सा नगण्य असतो.

रंगीत ठिपक्यांचे कारण थोडे वेगळे आहे. चकतीवरील प्रत्येक चौकटीवर तांबडी, हिरवी किंवा निळी गाळणी असते. कोडॅक कंपनीतील ब्राइस बेयर यांच्या 1976 च्या पेटंटातील ही मांडणी. चारांपैकी दोन चौकटी हिरव्या, एक तांबडी, एक निळी. प्रत्येक चौकट एकच रंग मोजते, उरलेले दोन शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरले जातात. एका चौकटीतला चढउतार मग आसपास रंगाच्या डागासारखा पसरतो. पिवळ्या बल्बच्या उजेडात निळा प्रकाश फारच कमी असतो. तो कॅमेऱ्याला जास्त पटींनी वाढवावा लागतो. म्हणून रात्री बल्बखाली काढलेल्या फोटोत पांढरट अळीवर रंगीत डाग उमटतात.

मग करायचे काय?

उपायांचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी प्रकाश, मग वेळ, मग बेरीज आणि सर्वांत शेवटी सॉफ्टवेअर.

प्रकाश. झाडावरच फोटो घ्यायचा असेल, तर पांढरा पुठ्ठा किंवा थर्माकोलचा तुकडा धरून ऊन बोंडावर परतवावे. लहान दिवा 40 सेंटिमीटरवरून 10 सेंटिमीटरवर आणला, तर प्रकाश 16 पट होतो आणि खरखरीचे प्रमाण चौथाईवर येते. त्यावर ट्रेसिंग पेपर लावल्यास थोडा प्रकाश कमी होतो, पण अळीच्या ओल्या अंगावरची चकाकी जाते. फ्लॅश असेल तर उत्तमच. त्याचा लखलखाट 1/1000 सेकंदाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी वेळ टिकतो, त्यामुळे प्रकाशही मिळतो आणि हालचालही गोठते. मोबाइलचा एलईडी दिवा मात्र असा फ्लॅश नव्हे.

सापळ्यातील मेलेले पतंग तर सरळ पांढऱ्या कागदावर मांडून उन्हात आणावेत. येथे एक सावधगिरी हवी. मोठ्या पांढऱ्या कागदावर लहान काळपट पतंग असला, की कॅमेरा फसतो. सगळे फार उजळ आहे असे ‘समजून’ तो फोटो काळा काढतो आणि पतंगाच्या पंखांत खरखर भरते. म्हणून उजळपणा हाताने थोडा वाढवावा. कागद पांढरा दिसावा, पण पंखावरच्या फिकट खुणा करपून जाऊ नयेत, इतका.

वेळ. फोन विटेवर किंवा पुस्तकांच्या थप्पीवर टेकवावा. बोंडाचे देठ एखाद्या काडीला कपड्याच्या चिमट्याने अडकवावे. हालचाल थांबली, की झडप जास्त वेळ उघडी ठेवता येते.

बेरीज. स्थिर वस्तूचे 16 फोटो घेऊन संगणकावर त्यांची सरासरी काढली, तर खरखर चौथाईवर येते. तुरीच्या दाण्यांच्या खेळात आपण हेच केले. मोबाइलमधील रात्रीच्या फोटोची सोय याच तत्त्वावर चालते.

सॉफ्टवेअर. खरखर पुसणारी साधने शेजारच्या ठिपक्यांची तुलना करून त्यांना सारखे करतात. पण पंखावरचा सूक्ष्म खवला आणि खरखरीचा ठिपका यांतला फरक त्यांना नेहमी कळतोच असे नाही. दोन्ही पुसले जातात आणि पंख मेणासारखा गुळगुळीत दिसतो. हल्लीची काही साधने तर पूर्वी पाहिलेल्या चित्रांवरून तपशील भरूनही देतात. भिंतीवर लावायच्या फोटोला हे चालेल. किडीची ओळख पटवायची असेल, तर नसलेली खूण दिसणे हे असलेली खूण न दिसण्याइतकेच वाईट. म्हणून मूळ फोटो नेहमी जपून ठेवावा.

आणखी एक सूचना या सर्वांहून महत्त्वाची. नुकतीच फवारणी झालेल्या शेतात मुलांना नेऊ नये, आणि सापळा हाताळल्यावर सर्वांनी साबणाने हात धुवावेत.

सापळ्यातही तोच नियम

कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री, दर सापळ्यामागे रोज 8 किंवा त्याहून जास्त नर पतंग सापडले, तर नियंत्रणाचे उपाय योजावेत, असा सल्ला कृषिशास्त्रज्ञ देतात. मुंबईच्या वाधवानी इन्स्टिट्यूट फॉर आर्टिफिशियल इंटेलिजन्स या संस्थेने सापळ्यातील पतंगांच्या फोटोवरून त्यांची मोजणी करणारे ‘कॉटनएस’ नावाचे ॲपही तयार केले. अशा यंत्राला दिलेला फोटो जितका स्वच्छ, तितकी मोजणी भरवशाची.

पण फोटो कितीही स्वच्छ असला, तरी एक खरखर उरतेच. ती पतंगांच्या संख्येतली. 8 चे वर्गमूळ सुमारे 2.8. म्हणजे शेतातील पतंग तेवढेच असले, तरी एका रात्री 5 सापडतील, दुसऱ्या रात्री 11. वारा, पाऊस, चांदणे यांमुळे प्रत्यक्षातला फरक याहूनही मोठा असू शकतो. एका रात्रीच्या एका सापळ्यावर निर्णय घेणे म्हणजे तुरीच्या एकाच पुठ्ठ्यावरून अळी शोधणे. तीन रात्रींची बेरीज 24 झाली, तर चढउतार 5 च्या आत येतो. 35 टक्क्यांची अनिश्चितता 20 टक्क्यांवर उतरते. सापळे वाढवले तर आणखी. कोट्यवधी चौकटींच्या कॅमेऱ्याला जो नियम लागू पडतो, तोच शेतातल्या पतंगांच्या मोजणीलाही लागू पडतो. थोडे मोजून ठाम बोलता येत नाही.

वर्गात विचारण्यासाठी

1. खरखर निम्मी करायची असेल, तर प्रकाश किती पट वाढवावा लागेल? एकदशांश करायची असेल तर?

2. चार फोटोंची सरासरी काढणे आणि झडप चौपट वेळ उघडी ठेवणे, यांत साम्य काय? डुलणाऱ्या बोंडासाठी यांपैकी कोणता मार्ग बरा, की दोन्हीही निरुपयोगी?

3. तुरीच्या खेळात अळी तीन घरांऐवजी एकाच घराची केली, तर ती सापडण्यासाठी किती पुठ्ठे लागतील? आधी अंदाज करा, मग करून पाहा.

4. एका शेतात एका रात्री एका सापळ्यात 9 पतंग आले, शेजारच्या शेतात 6. पहिल्या शेतात कीड जास्त आहे असे म्हणता येईल का? खात्रीने सांगण्यासाठी तुम्ही आणखी काय मोजाल?